बिनफोडणीचं वरण

कौशल्याबाई गहाणेच्या हातचं जेवण वाईट होतं, असं तिचा वैरीही म्हणाला नसता. तरी तिची खानावळ चालत नव्हती.

तिचा नवरा नत्थू आचारी. साकोलीच्या आजूबाजूच्या गावांत लगन निघालं की लोक आधी नत्थूला विचारायचे, मग मुहूर्त काढायला जायचे. वांग्याची भाजी त्याची, नाव त्याचं. मसाला मात्र बाईच्या हातचा. पाट्यावर वाटून वाटून तिच्या उजव्या खांद्याचं हाड बाहेर आलं होतं. एका पावसाळ्यात, धानाची रोवणी चालू असताना, नत्थूला ताप चढला तो उतरलाच नाही. मुलगी गुड्डी भंडाऱ्याला, आपल्या संसारात. शेत म्हणजे चार बांद्या धानाच्या, त्या दीर कसत होता.

दीर कैलाश माणूस चांगला. जावही चांगली. ताट वाढून समोर आणायचे, कधी उणं बोलले नाहीत. पण जिनं हजार हजार माणसाच्या पंगतीला मीठ घातलं, तिनं दुसऱ्याच्या चुलीपाशी बसून चिमूटभर मीठ मागायचं, हे तिच्यानं होईना. दिवाळीनंतर मंडईची जत्रा झाली आणि ती नत्थूची स्वयंपाकाची भांडी, मोठे गंज, सराटे, झारे घेऊन साकोलीला निघून आली. नोकरदारांच्या एका नव्या वस्तीत शटरचा एक गाळा आणि मागं एक खोली भाड्यानं घेतली.

ती निघाली तेव्हा सासू गोदावरीबाई दारापर्यंतही आली नाही. कैलाश मात्र गाडीत भांडी चढवून द्यायला आला. जाताना म्हणाला, "होळीपावतर पाहा, वैनी. जमलं तं जमलं. नाही तं मी गाडी घेऊन येतो, भांडेकुंडे भरू न घरी जाऊ. यात लाज कायची?"

लाज नव्हतीच. शिव्या दिल्या असत्या तर चार उलट्या देता आल्या असत्या. या गोडीनंच तिला आत कापलं. होळीला परत जायचं म्हणजे मरेपर्यंत तिथंच, वाढलेलं खायचं.

कैलाशचा पोरगा भुपेंद्र साकोलीतच फ्लेक्स छापायच्या दुकानात कामाला होता. चोवीस वर्षांचा गडी, तोंडाचा फटकळ. त्यानं मोठाईसाठी, म्हणजे या थोरल्या काकूसाठी, शटरभर रुंद फ्लेक्स फुकटात आणून लावला. वर पनीर, शेजारी लाल लाल नूडल्स, कोपऱ्यात आइसक्रीम.

"हे कोठचं रे? मी आइसक्रीम करतो का?"

"मोठाई, फोटो असा लागते. पाहून तं गिऱ्हाईक येते."

गिऱ्हाईक आलं. पोरं पनीर मागायची, वांग्याची भाजी पाहून परत जायची. जे डब्बे लागले होते तेही एकेक करून गळू लागले. त्यात समोरच्या ओळीतली कामिनी मेश्राम तेवढी टिकून होती. ती एका सरकारी कार्यालयात लिपिक, नवरा गडचिरोलीकडं नोकरीला, घरात ती आणि म्हातारे सासरे. एके दिवशी तिनं डब्बा परत आणला तेव्हा भाजी अर्धी तशीच होती.

"काहून वो? खारट झाली का?"

"खारट नाही, मावशी. लय भारी झाली. पण रोज रोज लगन कसं खाव माणसानं? बाबाइच्या पोटात आग पडते. जरा साधं करत जा ना."

"साधं करा लागते तं घरी कर. नत्थू आचाऱ्याच्या घरचा मसाला आहे हा."

दुसऱ्या दिवशी कामिनीनं निम्माच डब्बा मागितला. कौशल्याबाईला राग आला, तो तिनं पाट्यावर काढला. वाटलेला मसाला त्या दिवशी आणखीच तिखट झाला.

पौषातली गोष्ट. कामिनीच्या शेजारी हेमराज बिसेन राहत. मूळचे नाकाडोंगरीचे, नोकरी संपल्यावर इथंच घर बांधून राहिलेले. त्यांची बायको एका सकाळी वारली. गावाकडून, तुमसरकडून माणसं गाड्या भरून आली. दुपारी कौशल्याबाई डब्बा द्यायला गेली, तेव्हा माणसं नदीवरून परतली होती. अंगणात सतरंज्या, ओल्या धोतरांची माणसं, लिंबाचा पाला चावून कडू झालेली तोंडं. लहान लेकरं भुकेनं रडत होती आणि आया त्यांना दटावत होत्या.

आपल्याकडं रीत आहे. ज्या घरातून माणूस गेलं त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचे शिजवून आणतात. वरण, भात, ना फोडणी ना तळण. त्याला कडू घास म्हणतात. शेजारच्यांनी हात धरून बसवायचं, 'खाऊन घ्या' म्हणायचं, तेव्हा घरचे दोन घास गिळतात. गावात हे कोणाला सांगावं लागत नाही. रडणं ऐकू आलं की चार घरची डाळ आपोआप चुलीवर चढते.

इथं चढली नव्हती. वस्तीतले लोक हात बांधून फाटकाशी उभे होते.

"मले वाटलं वरच्या घरचे आनतीन," कामिनी हळूच म्हणाली. "त्याइले वाटलं, आम्ही आनू."

"न आता?"

"आता काय... माह्या घरी चार माणसाचा कुकर आहे, मावशी."

दाराच्या फटीतून बिसेनांची सून डिंपल दिसत होती. थंड गॅसपाशी उभी, पदर दातात धरलेला. तिला चूल पेटवता येत नव्हती आणि कोणाकडं मागताही येत नव्हतं.

कौशल्याबाई परत फिरली. गाळ्यात जाऊन तिनं मोठी भट्टी पेटवली, नत्थूचा गंज चढवला, डाळ टाकली. हात सवयीनं मसाल्याच्या डब्याकडं गेला, तो तिनं मागं घेतला. नुसती डाळ, मीठ. दुसऱ्या गंजात तांदूळ वैरला. शिजलं तसं कामिनीला हाक मारली, दोघींनी एकेक गंज कड्याला धरून बिसेनांच्या अंगणात नेला.

तिनं कोणाला काही विचारलं नाही. पत्रावळी मांडल्या, आधी लेकरं बसवली, मग बाया. हेमराज भिंतीला टेकून बसले होते. पत्रावळीवर भात वाढून ती म्हणाली, "खाऊन घ्या, बाबूजी." त्यांनी मान वर केली नाही. पण हात भाताकडं गेला.

जेवणं आटोपल्यावर ती गंज घेऊन आली, राखेनं घासून पालथे घातले. पैशाचा विषय ना तिनं काढला, ना त्यांनी.

भुपेंद्रच्या कानावर गोष्ट गेली तेव्हा त्याचे डोळे चमकले. "मोठाई, हेच तं मार्केट आहे! या वस्तीत कोनाकडं मोठा गंज नाही. मरतात तं सगळेच."

"तोंड सांभाळ, भडव्या."

"खरं सांगून राहिलो ना. गिऱ्हाइकाले जे लागते ते द्या लागते. त्याइले पनीर नाही लागत, हे लागते."

दोन दिवस गेले. पौष सरत आला होता, शटर उघडून माश्या हाकलाव्या लागत होत्या. होळी काही कोणासाठी थांबत नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच म्हटलं, "लिही."

नवा फ्लेक्स लागला. पनीर गेलं. निळ्या अक्षरांत आलं: 'कडू घासाच्या ऑर्डर स्वीकारल्या जातील. घरपोच सेवा. जास्त माणसांस विशेष सूट.' खाली मोबाईल नंबर. भुपेंद्रनं तेच आपल्या स्टेटसलाही ठेवलं, वर हात जोडलेलं चित्र.

एकही फोन आला नाही. म्हणजे आले, पण वेगळे आले. तलावाकडच्या एका घरी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, वीस-पंचवीस माणसांचं जेवण तिच्याकडं सांगितलेलं. तिथला माणूस बोलला, "बाई, राग नका मानू. पण तुम्ही त्याच गंजात शिजवान ना? आमची पोरगी उजवाची आहे." दोन डब्बे त्याच आठवड्यात बंद झाले. किराण्याच्या दुकानात तिच्या पाठीमागं कोणी तरी म्हणालं, "आता काय, बसली आहे वाट पाहत. कोन कधी जाते म्हणून." दुसरं हसलं. तिनं वळून पाहिलं नाही, गूळ घेतला आणि आली.

मग गावाहून कैलाशचा फोन. "वैनी, हे काय लावलं तुम्ही? माय कालपासून जेवली नाही. घ्या, तिलेच बोला."

गोदावरीबाईचा आवाज म्हातारपणानं बारीक झाला होता, धार तीच होती. "नत्थूनं जिंदगीभर लगनाच्या पंगती उठवल्या. तू त्याच्या गंजात काय शिजवून राहिली? कडू घास कोनी इकते का, वो? पानी पाजाचे पैसे घेशीन उद्या."

"आत्या, मी..."

"होळीची वाट नको पाहू. ये निघून."

फोन ठेवल्यावर कौशल्याबाई स्टुलावर चढली आणि विळ्यानं फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. तो धाडकन खाली आला, अर्धा रस्त्यावर. समोर बिसेनांचं घर होतं. इतके दिवस त्या घरातली माणसं दार उघडलं की तेच वाचत होती, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. तिनं तो भराभर गुंडाळून आत नेला.

तेरवी होऊन गेल्यावर ती त्यांच्याकडं गेली. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. कामिनी तिथंच बसली होती, डिंपल चहा घेऊन आली.

"तो बोर्ड," कौशल्याबाई म्हणाली, "तुमच्या घरावर पाहून लावला नव्हता, बाबूजी. पण लावाले नको होता."

हेमराजांनी चहाचा कप तिच्यापुढं सरकवला. डिंपलच बोलली. "काकू, बोर्डाचं सोडा. पण खरं सांगू का, त्यावरचा नंबर मी लावलाच नसता. माणूस गेल्यावर कोन नंबर शोधते? त्या दिवशी माहा फोन कोठी पडला होता तेही मले माहीत नव्हतं. तुम्ही मले इचारलं नाही, किती माणसं, काय करू, कधी आनू. कोनी काही इचारू नये, एवढंच मले पाहिजे होतं."

"न पैशाचं म्हणसान," हेमराज म्हणाले, "तं मागितले असते तं मी दिले असते, बाई. दिल्याबिगर राहिलो नसतो. पण तो घास गळ्याखाली गेला नसता. तो आपल्या पैशाचा नसते. दुसऱ्यानं द्या लागते, म्हणून तं तो जाते खाली."

कौशल्याबाईनं आजवर जेवणाऱ्याची भूक पाहिली होती. जेवणाऱ्यानं पैसे द्यायचे, एवढाच धंदा तिला माहीत. इथं जेवणाऱ्याकडून घेता येत नव्हतं, आणि फुकट देऊन चूल चालत नव्हती. मग याचं गिऱ्हाईक कोण?

परत निघाली तेव्हा कामिनी फाटकापर्यंत सोबत आली. फाटकाची कडी तिनं धरून ठेवली.

"मावशी, त्या दिवशी आम्ही इथंच उभे होतो ना, हात बांधून. ते अजून जात नाही मनातून. आमच्याकडंही शेजारीच आनतात. माह्या सासूच्या वेळेस गावात सात घरून आलं होतं. न मी इथं काय केलं? उभी राहिलो. मले करता येत नाही एवढ्याचं. सुट्टी नाही, गंज नाही. त्याइले भूक होती, ते ठीक. लाज तं आमची गेली."

"फक्त तुले वाटलं का सगळ्याइले?"

"सगळ्याइले. गल्लीच्या टोकावरच्या पाठकाच्या घरची तं मले तोंड दाखवत नाही."

कौशल्याबाई कडीवरच्या तिच्या हाताकडं पाहत होती. "मंग असं कर," ती सावकाश म्हणाली. "पुढं कोठी काही झालं तं तुमच्या घरचे गंज आना माह्याकडं. असन तेवढे, लहान-मोठे. डाळ-तांदूळ माहा, शिजवाचं मी पाहतो. नेजा तुम्ही. वाढजा तुम्ही. त्या घरात माहं नाव नको. मजुरी तुम्ही वाटून द्या, त्या घराले इचारू नका. माहे गंज लगनाचे, ते लगनालेच राहतीन."

कामिनीनं मान हलवली. एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून कौशल्याबाई दुपारची फिरू लागली. फ्लेक्स नाही, कागद नाही. दाराशी उभी राहायची, पाणी मागायची आणि विचारायची, तुमच्या घरी काय लागते? काही दारं तोंडावर लागली. एकीनं कुत्रा सोडला नाही एवढंच. पण काही बोलल्या. कोणाला सकाळी आठच्या आत डब्बा हवा होता, नऊचा काय कामाचा. कोणाच्या बापाला साखरेची बिमारी, भात नको, ज्वारीची भाकर द्या. कोणाचा माणूस दवाखान्यात भरती, त्याला मुगाची खिचडी पोचवणारं कोणी नव्हतं. कोणाला नुसतं पिठलं. नत्थूचा मसाला कोणालाच रोज नको होता. हे ऐकून घेताना तिला पाट्याशी बसल्यासारखं वाटायचं, खांदा दुखायचा. तरी तिनं ऐकलं. पहिला साधा डब्बा तिनं कामिनीच्या सासऱ्यांसाठी केला. लौकीची भाजी, मऊ भात. डब्बा धुतल्यासारखा परत आला.

तरी होळी येईपर्यंत काही पालटलं असं म्हणता येत नव्हतं. गळालेले डब्बे परत आले होते, वर थोडे. भाडं निघत होतं, पुढचं दिसत नव्हतं. कैलाशला तिनं 'ये' म्हटलं नाही आणि 'नको येऊ' असंही म्हटलं नाही.

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी गल्लीच्या टोकाला राहणारे पाठकांचे म्हातारे गेले. कौशल्याबाईशी ते कधी एक शब्द बोलले नव्हते. फ्लेक्स लागला तेव्हा मात्र रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. रडण्याचा आवाज आला तशी ती भाजी चिरता चिरता थांबली. उठावं की नाही, तिला कळेना. उठली असती तर पुन्हा तीच गोष्ट, वाट पाहत बसलेली बाई. ती बसून राहिली.

आधी कामिनी आली, कार्यालयात न जाता. हातात पितळेचा मोठा गंज, गावाहून आणवलेला, भंडाऱ्याचा जुना, सासूचा असावा. मागून डिंपल, ॲल्युमिनियमचा घेऊन. मग एक एक बाई येत गेली. कोणाचं पातेलं, कोणाचा कुकर, एकीची नुसती बादली, कोरी, स्टिकर न काढलेली. ओट्यावर, जमिनीवर भांडी मांडली गेली.

एक बाई पुढं आली, इकडंतिकडं पाहून आवाज खाली करून म्हणाली, "बाई, आमचं जरा वेगळं शिजवसान का? नाही म्हणजे, कोना-कोनाचे गंज आहेत..."

"भट्टी एकच आहे. डाळ एकदाच शिजन, या पितळेच्या गंजात, न मंग सगळ्यात भरीन," कौशल्याबाई डाळ धूत म्हणाली. "जमत असन तं ठेवा. नसन तं घेऊन जा."

बाई थोडी उभी राहिली. पातेलं ठेवून गेली.

त्याच वेळेस कैलाशनं भाड्यानं आणलेली गाडी शटरसमोर लागली. मालवाहू छोटी गाडी, दोरखंडाचं वेटोळं मागं टाकलेलं. तो आत आला आणि भांड्यांचा तो पसारा पाहून दारातच थबकला.

"वैनी, हे काय? मी न्यावाले आलो."

"पाहून राहिलो. बसा."

"माय म्हणते..."

"बसा म्हटलं ना. हात मोकळे असतीन तं तांदूळ निवडा."

तो बसला. तांदूळ निवडायला लागला. वाफ चढली, गाळा भरून गेला. बाया एकेक गंज उचलत होत्या, पदराचं चुंबळ करून धरत होत्या. कोणी कोणाच्या घरचं विचारत नव्हतं. पाठकांच्या घरी कोणी जाऊन किती माणसं म्हणून विचारलं नव्हतं. कामिनीनं फाटकातून नुसत्या चपला पाहून अंदाज बांधला होता.

शेवटी ओट्यावर एक गंज राहिला. लहान, जर्मलच्या पत्र्याचा, बुडाशी काळा.

"मावशी, हा कोनाचा राहिला?" कामिनीनं विचारलं.

"माहा."

"तुमचा कायले? तुमचं तं शिजवाचं काम. तुम्हाले आम्ही मजुरी..."

"ती देजा तुम्ही, सोडत नाही मी. त्याची गोष्ट वेगळी." कौशल्याबाईनं डाव घालून त्यात वरण भरलं. "हा माह्या घरचा आहे. गल्लीत मीही राहतो ना वो."

कामिनी दारात थांबली, तिच्यासाठी. कौशल्याबाईनं गंजाच्या कड्यांना फडकं गुंडाळलं, उचलला.

"भाऊजी, भट्टीतलं लाकूड मागं ओढजा. भात खाली लागन."

दोघी बाहेर पडल्या. कैलाश दारातून पाहत राहिला. रस्त्यानं बायांची ओळ चालली होती, आणि सगळ्यांच्या शेवटी त्याची वहिनी, जड खांदा एका बाजूला कलता. पाठकांच्या फाटकाशी कोणी तरी तिच्यासाठी बाजूला सरकलं आणि ती आत गेली.

बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. "काय हो, भराचं का सामान? ऊन चढून राहिलं."

"काही नाही भराचं," कैलाश म्हणाला. "जा तू."

मग तो भट्टीपाशी उकिडवा बसला आणि लाकूड मागं ओढलं.